स्पीड बॅग : मांडणी, जुळवणी व निगा

स्पीड बॅग : मुष्टियुद्धाच्या सरावात वापरण्यात येणारे, हवा भरून फुगविलेल्या लहान पिशवीचे एक साधन. आडव्या गोल फळीच्या खालच्या अंगास, बरोबर मध्यावर, सर्व दिशांनी फिरू शकणाऱ्या कडीला ही बॅग टांगलेली असते. देठाने लोंबणाऱ्या नासपतीप्रमाणे ती वर निमुळती व खाली फुगीर असते. खेळाडू दोन्ही मुठींनी आळीपाळीने तिच्यावर हलके पण जलद ठोसे मारतो व प्रत्येक ठोशानंतर बॅग फळीवर आपटून उसळते. ब्रिटनमध्ये या साधनास ‘स्पीड बॉल’ म्हणतात. आपल्याकडील व्यायामशाळांत ‘पंचिंग बॉल’ हे नाव अधिक रूढ आहे. तथापि उभ्या स्प्रिंगवर बसविलेल्या चेंडूलाही तेच नाव देत असल्यामुळे येथे ते टाळले आहे. [→ मुष्टियुद्ध].

ठोशाचे बळ वाढविण्यासाठी वाळू वा चिंध्या भरलेली जड पिशवी असते. स्पीड बॅगेचा तो उद्देश नाही. दृष्टी व हात यांचा मेळ, ठोशाची वेळ साधणे, खांद्याच्या स्नायूंची चिकाटी आणि हात सतत हनुवटीच्या उंचीवर ठेवण्याची सवय यांसाठी तिचा उपयोग होतो. त्यामुळे बॅग दर वेळी त्याच मार्गाने व त्याच तालात परत येणे, ही या सरावाची मूलभूत अट ठरते. ही अट पाळली जात नाही तेव्हा दोन तक्रारी एकत्रच ऐकू येतात : बॅग वेडीवाकडी फिरते आणि साधनाचा आवाज असह्य होतो. या दोन तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते. ठोशातून बॅगेला मिळालेल्या ऊर्जेचा जो भाग उसळीच्या रूपाने परत यावयाचा, तो सैल सांधे, लवणारी फळी व हलणारी चौकट यांत खर्ची पडतो. त्यातील काही भाग भिंतीत शिरून शेजारच्या खोलीत आवाजाच्या रूपाने प्रकट होतो. म्हणून आवाज कमी करणे व उसळ सुधारणे ही सामान्यतः दोन वेगळी कामे नसतात. जेथे ती परस्परविरोधी होतात ती एकच जागा म्हणजे रबरी गाद्यांचा वापर; तिचा विचार पुढे केला आहे.

इतिहास : हवाबंद व टिकाऊ रबरी फुगा उपलब्ध होईपर्यंत अशी बॅग संभवनीय नव्हती. चार्ल्स गुडइयर यांना रबराच्या व्हल्कनीकरणाचे अमेरिकी पेटंट १८४४ मध्ये मिळाले आणि त्यानंतरच्या दशकांत चामड्याच्या आवरणात रबरी फुगा घालून खेळाची साधने बनविण्यास प्रारंभ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत टांगलेल्या बॅगेवरील ठोशांना सरावाबाहेरही लोकप्रियता लाभली. व्होडव्हिल या मिश्र करमणुकीच्या रंगमंचावर मुठी, कोपर व डोके यांनी एकाच वेळी अनेक बॅगा खेळविणारे कसबी कलावंत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी फेदरवेट गटातील विजेता विल्यम रॉथवेल ऊर्फ ‘यंग कॉर्बेट’ याच्या नावे या विषयावरील एक पुस्तिकाही स्पॉल्डिंग या क्रीडासाहित्याच्या कंपनीने प्रसिद्ध केली होती. रंगमंचावरील त्या कलावंतांच्या दृष्टीने फळीवरचा आवाज हा उपद्रव नव्हता. ताशाच्या काडीप्रमाणे तो त्यांच्या खेळाचाच भाग होता. भारतात मुष्टियुद्धाचे साहित्य मुख्यतः मेरठ व जालंधर येथे तयार होते.

उसळीचा ताल : समोरून ठोसा बसताच बॅग पलीकडे जाते व फळीच्या मागील भागावर आदळते, तेथून परत येऊन पुढील भागावर, म्हणजे खेळाडूच्या बाजूस, आदळते, पुन्हा मागे जाऊन तिसऱ्यांदा आदळते आणि पुढे येऊ लागताच तिला दुसरी मूठ भेटते. अशा रीतीने एका ठोशामागे फळीचे तीन आघात होतात. समोरून मारलेल्या ठोशांच्या बाबतीत ही संख्या नेहमी विषम असते. वेग वाढवावयाचा झाल्यास ती एकावर आणता येते. सेकंदाला दोन ठोसे धरले, तर तीन उसळींच्या पद्धतीत फळीवर सेकंदाला सहा आघात होतात. एवढ्या वेगाने हलणाऱ्या बॅगेमागे नजर नीट धावू शकत नाही. सरावलेला खेळाडू ठोशाची वेळ मुख्यतः कानाने ओळखतो आणि नवशिक्यालाही प्रशिक्षक प्रथम ‘एक, दोन, तीन’ असे मोजावयास लावतो.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. साधन पूर्णपणे मुके करणे हे उद्दिष्ट असू शकत नाही, कारण फळीवरचा आघात हाच खेळाडूचा ठेका असतो. त्या एका आवाजाखेरीज इतर सर्व आवाज काढून टाकणे व तो एक आवाज खोलीबाहेर जाऊ न देणे, एवढेच साधावयाचे असते. फळीच्या खालच्या अंगास जाड रबर किंवा गालिचा चिकटविण्याचा उपाय काही ठिकाणी केलेला दिसतो. त्याने आवाज मंदावतो हे खरे. पण बॅग फळीवर विसावते, उसळ मरते आणि ठेकाही नाहीसा होतो. इतका मोठा तोटा पत्करून मिळविलेली शांतता व्यर्थच होय.

आवाजांची पारख : दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आवाज नेमका कोठून येतो ते ठरविणे इष्ट असते. मराठीत ध्वनिवाचक शब्दांची समृद्धी असल्यामुळे हे काम काहीसे सोपे होते; ऐकणाऱ्याने योग्य शब्द योजला, की दोषाचे स्थान निम्मे सापडते. कोरडी, स्वच्छ ठकठक ही फळीची व निर्दोष होय. तिच्यासोबत खडखड येत असेल, तर धातूचा एखादा भाग सैल आहे : नट, चकती, उंची बदलण्याची खीळ, किंवा कडीत हलणारा आकडा. टणटण असा लांबणारा नाद पोकळ लोखंडी नळ्यांचा किंवा फळीभोवतीच्या लोखंडी कड्याचा असतो. कुरकुर लाकूड व लोखंड एकमेकांवर घासल्याची खूण असून तीक्ष्ण चिरचिर कोरड्या पडलेल्या कडीतून येते. थपथप असा ओला, बसका आवाज बॅगेत हवा कमी असल्याचे सांगतो. आवाज घुमत असेल व उगमाची दिशाच कळत नसेल, तर भिंत किंवा छत त्यात सामील झाले आहे असे समजावे.

याची पडताळणी दोघांनी मिळून करावी. एकाने बॅग हातात धरून फळीवर हलकेच आपटत राहावे, ठोसे मारू नयेत. दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर क्रमाने बोटे टेकवावीत. सैल सांध्यावर बोटांना दोन भागांची वेगवेगळी हालचाल जाणवते आणि तो भाग दाबून धरताच खडखड थांबते. मोटार दुरुस्त करणारे कारागीर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्रावर टेकून मूठ कानाशी धरतात, तीच युक्ती येथेही उपयोगी पडते. पाहणी कडीपासून सुरू करून फळी, चौकट व भिंत अशा क्रमाने पुढे न्यावी, कारण ऊर्जा त्याच मार्गाने प्रवास करते. पुष्कळदा भिंतीला दोष देऊन मोठा खर्च केला जातो आणि नंतर एक हरवलेली चकती हेच कारण असल्याचे आढळते.

फळी : फळीचा व्यास सामान्यतः सु. ६० सेंमी. असतो. चांगल्या प्लायवुडचे थर एकत्र चिकटवून किंवा कठीण लाकडाचे तुकडे जोडून ती बनवितात. दाबून तयार केलेल्या लगद्याच्या फळ्याही वापरतात, पण त्यांत स्क्रूची पकड लवकर ढिली होते. फळीची गुणवत्ता प्रामुख्याने वजन व ताठपणा यांवर अवलंबून असते. ६० सेंमी. व्यासाची व ४ सेंमी. जाडीची प्लायवुडची फळी सु. ८ किग्रॅ. भरते. जाडी दुप्पट केल्यास वजन दुप्पट होते, परंतु वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असल्याने तो सु. आठपट होतो. बॅगेचे वजन अवघे काही शे ग्रॅम असते. तिच्या तुलनेत फळी जितकी जड व ताठ, तितकी ती आघाताने कमी हलते आणि तितकी अधिक ऊर्जा बॅगेकडे परत जाते. पातळ फळी डफाच्या कातड्यासारखी कंप पावते. ती मोठ्याने वाजते आणि उसळही बोथट देते.

जुनी फळी बदलणे शक्य नसल्यास तिच्यावर त्याच व्यासाची दुसरी फळी सरस व बोल्ट यांनी घट्ट जोडावी. दोन फळ्यांमध्ये पोकळी राहू देऊ नये, अन्यथा त्या एकमेकींवर वाजतात. वरून वाळूची पिशवी ठेवणे हा त्याहून सोपा उपाय असून १० ते १५ किग्रॅ. वाळूने बराच फरक पडतो. मात्र ती पिशवी पट्ट्याने आवळून बांधलेली असावी. पोकळ नळ्यांच्या चौकटीत कोरडी वाळू भरून तोंडे बंद केली, म्हणजे टणटण जवळजवळ नाहीशी होते, कारण वाळूचे कण परस्परांवर घासून नळीची कंपने शमवितात. ओली वाळू वापरल्यास नळी आतून गंजते.

फळी सर्व दिशांनी समतल असावी लागते. गवंड्याची पाणसळ प्रथम भिंतीला काटकोनात व नंतर समांतर धरून हे पाहावे आणि कमी पडणाऱ्या बाजूस धातूच्या पातळ पट्ट्या सारून ते दुरुस्त करावे. फळीचा खालचा पृष्ठभाग गुळगुळीत, पण फार चकचकीत नसावा. बॅग जेथे आदळते तेथे कालांतराने खोलगट वर्तुळ पडते. फळी कडीभोवती पाव वळसा फिरवून बसविल्यास झीज वाटली जाते.

भिंत व आधार : चौकट भिंतीला कशी जोडली आहे, यावर उसळीपेक्षाही शेजाऱ्यांचे स्वास्थ्य अधिक अवलंबून असते. खोलीतल्या हवेतून जाणारा आवाज दार लावल्यावर बराच कमी होतो. इमारतीच्या सांगाड्यातून जाणाऱ्या कंपनांना दार नसते. सिमेंट काँक्रीटच्या स्तंभात व तुळईत ही कंपने फारशी न शमता दोनतीन मजले दूर जातात आणि ज्याच्या घरी बॅग नाही त्याच्या पलंगाशी वाजतात. म्हणून मजबुतीच्या दृष्टीने स्तंभ सर्वोत्तम असला, तरी वस्तीच्या इमारतीत बाहेरच्या बाजूची जाड विटांची भिंत पसंत करावी. सामायिक भिंत सर्वथा वर्ज्य समजावी. लाकडी किंवा जिप्समच्या पातळ पडद्या तर नगाऱ्यासारख्या घुमतात आणि भारही पेलत नाहीत.

आधाराची मजबुती हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, कारण हे सर्व वजन खेळाडूच्या डोक्यावर असते. फळी, चौकट व वाळू मिळून ३० किग्रॅ. वजन आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ४५ सेंमी. पुढे आहे असे मानू. चौकटीच्या वरच्या व खालच्या बोल्टांमध्ये ६० सेंमी. अंतर असल्यास वरच्या बोल्टांवर भिंतीबाहेर ओढणारा सु. २२·५ किग्रॅ. भार येतो, हेच अंतर ३० सेंमी. असेल, तर तो ४५ किग्रॅ. होतो. आघातांमुळे त्यात सतत चढउतार होत असल्याने प्रत्यक्ष ताण याहून अधिक असतो. यासाठी उभ्या अंगाने लांब असलेली चौकट निवडावी आणि पोकळ विटांच्या भिंतीत साध्या खुंट्यांवर न विसंबता आरपार बोल्ट घालून पलीकडे रुंद पट्टी द्यावी. चौकट व भिंत यांच्यामध्ये जाड लाकडी फळ्या दिल्यास भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो.

कंपने भिंतीत जाऊ नयेत म्हणून चौकट व भिंत यांमध्ये रबरी गाद्या बसवितात. त्यांचा उपयोग होतो, परंतु मऊ तितके चांगले हा समज येथे फसवा ठरतो. गादीवर ठेवलेल्या वस्तूची स्वतःची एक नैसर्गिक कंप्रता असते. भाराने गादी जितके मिमी. दबते त्या संख्येच्या वर्गमुळाने १५·८ ला भागले असता ती कंप्रता हर्ट्‌झमध्ये स्थूलमानाने मिळते. रबराच्या बाबतीत प्रत्यक्ष आकडा यापेक्षा काहीसा जास्त असतो. १ मिमी. दबणाऱ्या गादीची नैसर्गिक कंप्रता सु. १६ हर्ट्‌झ, तर ४ मिमी. दबणारीची सु. ८ हर्ट्‌झ येते. नैसर्गिक कंप्रतेच्या सु. १·४ पटीहून वरची कंपनेच गादी अडविते. त्या कंप्रतेच्या आसपासची कंपने उलट वाढतात, यालाच अनुस्पंदन म्हणतात. आता सेकंदाला अडीच ठोसे मारणाऱ्या खेळाडूच्या फळीवर सेकंदाला साडेसात आघात होतात. ४ मिमी. दबणाऱ्या मऊ गादीवर बसविलेली चौकट नेमक्या त्याच तालावर डोलू लागते आणि बॅगेची उसळ बिघडवून टाकते. कानाला टोचणारी ठकठक मात्र शेकडो हर्ट्‌झची असते. ती अडविण्यास १ मिमी. दबणारी, पातळ व घट्ट गादी पुरेशी असते. म्हणून गादी कडक निवडावी, ती चौकट व भिंत यांच्यामध्येच द्यावी आणि फळी व चौकट यांचा सांधा मात्र संपूर्ण ताठ ठेवावा.

आणखी एक चूक वारंवार आढळते. गादी बसविल्यावर लोखंडी बोल्ट तिच्यातून आरपार जाऊन चौकटीला थेट आवळला जातो. मग कंपने गादीला वळसा घालून बोल्टातूनच भिंतीत पोहोचतात व गादीचा खर्च वाया जातो. बोल्टाभोवती रबरी नळीचा तुकडा आणि त्याच्या माथ्याखाली रबरी चकती असल्याशिवाय गादीचा गुण येत नाही. असा बोल्ट अतिरेकी आवळूही नये. तो सैल होऊ नये यासाठी दुहेरी नट वापरावा.

निवासी वस्तीत वेळेचे पथ्यही आवश्यक आहे. भारतातील ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार निवासी क्षेत्रातील ध्वनिपातळीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल अशी असून रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ ही वेळ धरली आहे. हे आकडे परिसरातील एकूण आवाजाचे आहेत. भिंतीतून येणारी मंद पण एकसारखी ठकठक त्या मर्यादेत असूनही झोपमोड करू शकते, आणि पहाटे पाचला सराव करण्याची मुष्टियोद्ध्यांची परंपरा तर जुनीच आहे. अशा परिस्थितीत भिंतीचा नाद सोडून जमिनीवर उभी राहणारी जड चौकट जाड रबरी चटईवर ठेवणे श्रेयस्कर. तिच्या पायांवर पुरेसे वजन नसेल, तर मात्र ती हेलकावे खाते.

भोवरकडी : बॅग ज्या कडीला टांगतात तिला ‘स्विव्हल’ असे म्हणतात. गुरांच्या दाव्याला पीळ पडू नये म्हणून त्यात घालतात ती भोवरकडी याच तत्त्वाची होय. तिचे अनेक प्रकार आहेत. आकडा व कडी यांच्या साध्या जोडणीत घर्षण जास्त व आवाज सर्वाधिक. खोबणीत फिरणाऱ्या गोळीच्या प्रकारात हालचाल मोकळी. गोळ्यांच्या धारव्यावर, म्हणजे बॉल बेअरिंगवर, फिरणारी कडी सर्वांत जलद, पण धूळ व ओल यांस नाजूक. साखळीला टांगलेली बॅग मात्र कधीच सरळ उसळत नाही. बॅगेचा निमुळता गळा फळीच्या जितका जवळ तितकी तिची झेप निश्चित असते. मधल्या दुव्यांची संख्या वाढली, की प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे लचकतो व वाजतो.

कडीची बैठक फळीला लाकडी स्क्रूंनी जोडलेली असल्यास ते थोड्याच दिवसांत ढिले होतात. शक्य तेथे आरपार बोल्ट, वरून रुंद चकती व न सुटणारा नट वापरावा. भोके मोठी झाली असल्यास त्यांत सरस लावून लाकडी खुंट्या ठोकाव्यात, किंवा बैठक थोडी फिरवून नवी भोके पाडावीत. मात्र तिचा मध्य फळीच्या मध्यावरच राहिला पाहिजे. नट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळावे, म्हणजे बैठक तिरपी होत नाही.

गोळीच्या उघड्या कडीला शिलाई यंत्राच्या तेलाचा एखादा थेंब किंवा किंचित ग्रीझ पुरते आणि जास्तीचे लगेच पुसून काढावे लागते. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व कुजते, तसेच चामडे नरम पडते. कडीतून ओघळलेले तेल बॅगेच्या गळ्यात उतरणे म्हणूनच घातक असते. बंदिस्त धारव्यात तेल घालण्याचा खटाटोप करू नये, तो खरखरू लागल्यास बदलावा. आकड्यावर वा कडीच्या आतील बाजूस झिजून खोबण पडलेली दिसली, की तो भाग बाद समजावा, कारण बॅग त्या खोबणीच्या दिशेनेच ओढ घेऊ लागते. आकडा व बॅगेचे कान यांच्यामध्ये चामड्याची पातळ पट्टी दिल्याने धातूची किरकिर बरीच कमी होते.

बॅग तिरकी जात असल्यास दोष बॅगेत आहे की कडीत, हे ठरविण्याची एक साधी कसोटी आहे. बॅग काढून पाव वळसा फिरवून पुन्हा लावावी. तिरकेपणाची दिशाही तितकीच फिरली, तर आतला फुगा वाकडा बसला आहे किंवा शिवण एका बाजूस ताणली गेली आहे. दिशा तीच राहिली, तर कडी मध्यापासून सरकली आहे किंवा फळी समतल नाही.

बॅग व हवा : बॅगांची मापे रुंदी व लांबी यांनी सांगतात. ती सु. १० × १८ सेंमी. पासून २५ × ३३ सेंमी. पर्यंत आढळतात. लहान बॅग हलकी व आखूड असल्याने चपळ असते. नवशिक्यांना २३ × ३० सेंमी. किंवा त्याहून मोठी बॅग सोयीची. आरंभीच लहान बॅग घेतल्यास चुकलेले ठोसे, वेडेवाकडे आघात आणि पर्यायाने आवाज हे सारेच वाढते.

हवेच्या दाबाविषयी निर्मात्याने आवरणावर छापलेली मर्यादा ओलांडू नये. दाब जास्त झाला, की बॅग दगडासारखी होते, फळीवर कडाडून वाजते, बोटांच्या सांध्यांना इजा करते आणि शिवणी उसवते. दाब कमी असल्यास ती आघाताच्या क्षणी चपटते व उशिरा परत येते. दोन्ही अंगठ्यांनी दाबले असता पाडाच्या आंब्याइतकी ती दबावी, हा आपल्याकडे सहज कळण्याजोगा अंदाज होय. आवाज मर्यादित ठेवावयाचा असल्यास योग्य मर्यादेच्या खालच्या बाजूस राहणे चांगले. हवामानाचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. सकाळी २५° से. तपमानास बॅगेतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा ३० किलोपास्काल अधिक असेल, तर दुपारी ३५° से. ला, घनफळ बदलत नाही असे धरल्यास, तो सु. ३४·५ किलोपास्काल अधिक होतो, म्हणजे सु. १५ टक्के वाढतो. त्यामुळे सकाळी जुळविलेली बॅग दुपारी कडक वाटते, यात पंपाचा दोष नसतो.

हवा भरताना पंपाची सुई पाण्याने किंवा ग्लिसरिनाने ओली करून सरळ घालावी. कोरडी वा तिरपी घातलेली सुई झडप फाडते. फुगा बदलताना नव्या फुग्यावर शंखजिऱ्याची पूड शिंपडावी, तो आवरणात घालून थोडाच फुगवावा, झडप भोकासमोर आली आहे ना व घडी पडलेली नाही ना हे चाचपून पाहावे आणि मगच नाडी आवळून पूर्ण हवा भरावी. नाडीच्या गाठी आत दाबून टाकाव्यात. बाहेर राहिलेली गाठ फळीवर वाजते आणि हातही सोलते.

उंची : बॅगेचा सर्वांत फुगीर भाग खेळाडूच्या हनुवटी व तोंड यांच्या पातळीत यावा, असे सर्वसाधारणपणे मानतात. प्रशिक्षकांमध्ये याविषयी दोनचार सेंमी.चा मतभेद आहे व तो फारसा महत्त्वाचा नाही. बॅग फार खाली असल्यास ठोसा वरून खाली बसतो, आणि फार वर असल्यास तिच्या तळाला लागून ती कडीत उडी घेते. दोन्ही प्रकारांत आघाताची दिशा आडवी न राहिल्यामुळे कडी आदळते व खडखड सुरू होते. अनेकजण एकच साधन वापरत असल्यास उंची बदलण्याची सोय असलेली चौकट आवश्यक ठरते. पण उंची बदलणारा प्रत्येक सरकता सांधा हा खडखडाटाचा संभाव्य उगम असतो, म्हणून खीळ घातल्यावर त्या सांध्याचा पेच पक्का आवळलाच पाहिजे. जेथे बहुसंख्य मुले जवळपास एकाच उंचीची आहेत अशा शाळेत स्थिर चौकट बसवून ठेंगण्यांसाठी रुंद, न घसरणारी लाकडी चौकी ठेवणे अधिक चांगले. पाटावर पाट रचून उभे राहण्याचा प्रकार धोक्याचा आहे.

निगा : नवी चौकट बसविल्यावर पहिल्या काही दिवसांत लाकूड दबून बोल्ट ढिले पडतात, म्हणून ते आठवड्याच्या आत पुन्हा आवळावे लागतात, पुढे महिन्यातून एकदा पाहणी पुरते. सरावानंतर बॅग कोरड्या फडक्याने पुसावी, कारण घामातील क्षार चामडे कडक करतात व शिवणीचा दोरा कुजवितात. कृत्रिम आवरण ओलसर फडक्याने पुसले तरी चालते. चामड्याला वर्षातून एकदोन वेळा चामड्याचेच तेल अगदी थोडे चोळावे. अधिक चोळल्यास ते सैलावून बॅगेचा आकार बिघडतो. कोकणपट्टीत व मुंबईत पावसाळ्यात चामड्यावर बुरशी चढते, लाकडी फळी ओल शोषून किंचित फुगते आणि कडी गंजते. या काळात बॅग वापर नसताना उतरवून थोडी हवा सोडून कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी टांगावी, पेटीत बंद करू नये. बुरशी आल्यास ती घराबाहेर कोरड्या ब्रशाने झाडून बॅग सावलीत वाळवावी. कडक उन्हात चामडे तडकते व आतील रबर लवकर जीर्ण होते. पावसाळा संपल्यावर फळी पुन्हा पाणसळीने तपासणे जरूर असते, कारण ओल सुकताना तिचे थर सर्व बाजूंनी सारखे आकसत नाहीत.